आठ इंची आरशाची बोली

इचलकरंजीच्या एका कॉलेजात आदिनाथ मगदूम बत्तीस वर्षं भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक होते. निवृत्त होऊन आठ वर्षं झाली, तरी कॉलेजात काय चाललंय यावर त्यांचं लक्ष असे. त्यामुळे जुनी इमारत पाडायची ठरली आणि आतलं सामान ऑनलाइन लिलावात निघालं, तेव्हा ती यादी त्यांनी सकाळच्या चहाबरोबरच उघडली. बाकं, गंजके पंखे, काचपेटीतले तराजू, कधी कुणी न वापरलेला प्रोजेक्टर... वाचता वाचता त्यांचा अंगठा एका ओळीवर थांबला.

‘लॉट ११८. दुर्बीण, पत्र्याची, जुनी, स्टँडसह. एक नग. सुरुवातीची किंमत तीन हजार रुपये.’

"कुसुम, आमची दुर्बीण विकायला काढलीय," ते म्हणाले.

कुसुमताई मेथी निवडत होत्या. "आमची म्हणजे तुमची आणि दस्तगीरभावजींची?"

आदिनाथांनी चहाचा कप बाजूला ठेवला. दस्तगीर मोमीन हे नाव त्या घरात सहसा निघत नसे.

चाळीस वर्षांपूर्वी ती दुर्बीण या दोघांनी मिळून बनवली होती. दस्तगीर हा त्यांचा शाळेपासूनचा दोस्त. दहावीनंतर तो यंत्रमागांच्या दुरुस्तीत पडला, उत्तम जॉबर म्हणून गावात नाव झालं. दोघांनी पुण्याहून आठ इंच व्यासाची काचेची जाड तबकडी आणली आणि मोमीनांच्या मागच्या पडवीत, पाण्याने भरलेल्या पिंपावर ठेवून सात महिने घासली. आधी घासायची जाडी पूड, मग बारीक, मग त्याहून बारीक, शेवटी राळेच्या थरावर पॉलिश. दुर्बिणीच्या आरशाचा खोलगटपणा केसाच्या शंभराव्या भागाइतकासुद्धा चुकून चालत नाही. आदिनाथ पुस्तकात बघून मोजमापं घेत, पण नेमकं कुठे आणि किती दाबायचं ते दस्तगीरच्या बोटांना कळे. कॉलेजला उंच गच्ची होती म्हणून दुर्बीण तिथे ठेवली, आणि पुढे ती तिथलीच झाली.

"साठ हजारांपर्यंत जाईन म्हणतो," आदिनाथ म्हणाले.

"मायक्रोस्कोपच्या वेळचं आठवतंय ना?" कुसुमताईंनी मान वर न करता विचारलं.

ते विसरण्यासारखं नव्हतंच. तीन वर्षांपूर्वी एका पितळी मायक्रोस्कोपवर त्यांनी बोली लावली होती. नऊ हजारांच्या वर जायचं नाही असं ठरवलं होतं. शेवटच्या चार मिनिटांत कुणीतरी सारखा पाचशे-पाचशेने वर चढत राहिला, आणि आदिनाथही ईर्षेला पेटून चढत गेले. हातात आला तेव्हा आकडा तेवीस हजार होता. तो मायक्रोस्कोप कपाटावर होता, आणि कुसुमताई त्याच्यावरची धूळ दर आठवड्याला जरा जास्तच आवाज करून पुसत.

"या वेळी पद्मजाकडे जातो," ते म्हणाले. "तोल लावून बघतो."

पद्मजा उपाध्ये ही त्यांची भाची. मुख्य रस्त्यावर बँकेच्या वरच्या मजल्यावर ती ‘तोल’चं केंद्र चालवायची. गेल्या चार-पाच वर्षांत ही केंद्रं तालुक्या-तालुक्याला झाली होती, आणि सरकारी व शैक्षणिक संस्थांचे लिलाव तर सगळे तोलच्याच पद्धतीने होत. गुरुवारी सकाळी मामा आले तेव्हा पद्मजाने त्यांना आधी पाणी दिलं, मग समोर बसून नीट समजावलं.

"मामा, शेवटच्या मिनिटाची चढाओढ आता नाही. प्रत्येकाने एकदाच आकडा द्यायचा, बंद पाकिटात दिल्यासारखा. ज्याचा आकडा सर्वांत मोठा, वस्तू त्याला. पण पैसे द्यायचे ते दुसऱ्या नंबरच्या आकड्याइतके."

"म्हणजे मी साठ लिहिले आणि दुसऱ्याने दहा, तर मला दहालाच मिळणार?"

"हो. म्हणून कमी लिहून फायदा नाही. तुम्ही काय देणार ते दुसऱ्याच्या आकड्यावर ठरतं. मनातल्यापेक्षा कमी लिहिलंत, तर परवडत असून वस्तू हातची जाईल. जास्त लिहिलंत, तर एखाद्या दिवशी दहाची वस्तू चौदाला गळ्यात पडेल. मनात आहे तेवढंच खरं लिहायचं, हाच इथला एकमेव डाव आहे."

"मग यंत्र कशाला?"

पद्मजा हसली. "कारण मनात काय आहे ते माणसाला माहीत नसतं. तुम्हीच सांगा, मायक्रोस्कोप नऊ हजारांचा होता की तेवीस?"

तोल मोजत होतं ते नेमकं हेच. डोक्याला एक पातळ पट्टी, बोटाला चिमटा, समोर डोळ्यांच्या बाहुल्या टिपणारा कॅमेरा. पडद्याच्या एका बाजूला वस्तू आणि दुसऱ्या बाजूला रक्कम दाखवायची, आणि माणसाने दोन्हींतलं एक निवडायचं. असं दीडशे वेळा. पण तोंडाने काय निवडलं याला यंत्र फारसा भाव देत नसे. काही वर्षांपूर्वी मेंदूच्या अभ्यासकांना आढळलं होतं की एखादी गोष्ट हवीशी वाटणं आणि तिच्यापासून मागे सरणं, या मेंदूत दोन वेगळ्या लहरी असतात. त्या एकाच वेळी उठतात, म्हणून माणसाला त्यांची गल्लत होते. यंत्राला त्या वेगळ्या काढता आल्या. तोलवाले पहिलीला ‘ओढ’ म्हणत, दुसरीला ‘अढी’. ओढीतून अढी वजा केली की तुमचा खरा आकडा.

पाऊण तासाने पद्मजाने पट्टी काढली. पडद्याकडे बघून तिने भुवया उंचावल्या.

"किती?" आदिनाथांनी विचारलं.

"तीन हजार एकशे पन्नास."

"यंत्र बिघडलंय तुझं."

"तसं वाटलं म्हणून दोनदा तपासलं, मामा."

"अगं, सात महिने घासलाय तो आरसा! माझ्या बोटांची सालं निघाली होती. तीन हजारांत त्याचा पत्रासुद्धा येणार नाही."

पद्मजाने पडदा त्यांच्याकडे वळवला. "ओढ एकोणसाठ हजारांची आहे. म्हणजे तुमचा अंदाज अगदी बरोबर होता. पण अढी बघा. छप्पन्न हजारांना टेकलीय. एवढी अढी मी कोर्टात भांडणाऱ्या भावांच्या घराला बघितली होती, दुर्बिणीला नाही." तिने आवाज खाली आणला. "आतल्या आरशाचा फोटो आला की ती उसळते. दर वेळी. हात मागे घेताय तुम्ही."

आदिनाथ त्या दोन रेषांकडे बघत राहिले. तिथे वाद घालायला जागा नव्हती. आयुष्यभर ते उपकरणांवरच्या काट्यांवर विश्वास ठेवत आले होते.

"स्वतःचा आकडा लिहायची मुभा आहे तुम्हाला," पद्मजा म्हणाली. "तोल फक्त सांगतं. पण जे अढी न जुमानता बोली लावतात, त्यांतले दहात सात जण वर्षभरात ती वस्तू परत विकायला काढतात. जास्त पैसे देणं म्हणजे नुसतं बाजारभावाहून जास्त देणं नव्हे. आपल्याच मनातल्या आकड्याहून जास्त देणंही तेच."

"अजून किती जण आहेत या लॉटवर?"

"तुम्हाला धरून तीन. कोण ते मलाही दिसत नाही. आणि शनिवारी पाचच्या आत बोली पक्की करताना शपथ घ्यावी लागते की या वस्तूवर बोली लावणाऱ्या दुसऱ्या कुणाशी तुम्ही बोललेला नाहीत. दोघांनी आतून जमवून भाव पाडला तर कॉलेज बुडेल ना. पट्टी डोक्यावर ठेवूनच शपथ घेतात, खोटं चालत नाही."

आदिनाथ घरी आले. दिवसभर त्यांनी काही सांगितलं नाही. शुक्रवारी सकाळी कुसुमताई त्यांच्या समोर येऊन बसल्या.

"त्या दुर्बिणीत एवढं काय आहे, ते आज तरी सांगा."

आणि चाळीस वर्षांत कुणालाच न सांगितलेली गोष्ट आदिनाथांनी बायकोला सांगितली.

एखादा लघुग्रह आकाशातून सरकताना कधीकधी एखाद्या ताऱ्याच्या बरोबर समोरून जातो. तेवढे काही सेकंद तारा विझल्यासारखा दिसेनासा होतो. वेगवेगळ्या गावांहून हे सेकंद मोजले, तर त्या एवढ्या लांबच्या दगडाचा आकार कागदावर काढता येतो. असा एक योग एका पहाटे इचलकरंजीवरून जाणार होता. दस्तगीर दुर्बिणीला डोळा लावून बसला, कारण त्याची नजर तीक्ष्ण. आदिनाथ स्टॉपवॉच घेऊन शेजारी. दस्तगीर ओरडला "गेला!", मग "आला!" नऊ पूर्णांक दोन सेकंद. परदेशातल्या एका संस्थेकडे ही नोंद पाठवायची होती. फॉर्मवर निरीक्षकाचं नाव लिहायला एकच ओळ होती. त्या ओळीवर आदिनाथांनी स्वतःचं नाव घातलं आणि खाली लिहिलं, ‘सोबत एक सहायक.’

"कॉलेजात दिवसभर मला सगळे त्याच नावाने हाक मारायचे, सहायक, सहायक," आदिनाथ म्हणाले. "आणि मी ते उचलून त्याच्या अंगावर टाकलं. संस्थेचं प्रमाणपत्र आलं. पेपरात माझा फोटो आला, दुर्बिणीशेजारी मी एकटा. दुसऱ्या दिवसापासून दस्तगीर गच्चीवर आला नाही. मीही विचारायला गेलो नाही."

कुसुमताई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "जाऊन या त्यांच्याकडे."

"त्या तिघांत तो असणार, कुसुम. या गावात त्या पत्र्याच्या नळकांड्यासाठी दुसरं कोण पैसे टाकेल? त्याच्याशी बोललो की माझी बोली बाद."

"मग रविवारी जा की. शनिवारी लिलाव संपतोय."

आदिनाथांनी याचाही विचार केला होता. "मी जिंकलो आणि मग गेलो, तर ते दुर्बीण बगलेत मारून माफी मागितल्यासारखं होईल. तो जिंकला आणि मग गेलो, तर त्याला वाटेल, दुर्बिणीच्या वासाने आलाय. कसंही केलं तरी रविवारी उशीर होतोय."

ते आधी केंद्रात गेले. पद्मजासमोर अंगठा लावून लॉट ११८ वरून माघार घेतली. "एकदा माघार घेतली की परत नाही हं, मामा," ती म्हणाली. "माहीत आहे," ते म्हणाले, आणि तिथूनच मोमीनांच्या घराकडे चालू लागले. रस्त्यात चालकाविना धावणारी एक रिक्षा शेजारी येऊन ‘कुठे सोडू?’ म्हणून दोनदा विचारून गेली. त्यांनी हातानेच नको म्हटलं. चालत जायलाच हवं होतं.

दस्तगीर ओट्यावर बसून एका मागाच्या सेन्सरची वायर सोलत होता. दाढी पांढरी झाली होती, खांदे तसेच रुंद. त्याने चष्मा कपाळावर सरकवला.

"मगदूम? या. बसा." इतक्या वर्षांनी समोरासमोर आल्यावर तो ‘तुम्ही’ म्हणत होता. आतल्या बाजूला तोंड करून त्याने हाक दिली, "जुबेदा, चहा टाक. पाहुणे आलेत."

पाहुणे हा शब्द आदिनाथांना लागला. ते बसले नाहीत.

"दस्तगीर, दुर्बिणीबद्दल तू एक शब्द बोलू नकोस. मी माघार घेऊन आलोय, पण तुझी बोली माझ्यामुळे बिघडायला नको. मला दुसरंच बोलायचंय. तो फॉर्म. सहायक लिहिलं होतं मी. तुझं नाव लिहायला हवं होतं. तूच बघत होतास. मी नुसतं बटण दाबत होतो. चुकलो मी."

दस्तगीरने हातातली वायर खाली ठेवली.

"कसली बोली?"

"दुर्बिणीचा लिलाव. कॉलेजचा."

"दुर्बीण विकतायत? मला कुठे माहीत आहे!"

मग दस्तगीरच्या पोटातून हसू फुटलं. "मग लेका, तू माघार घेतलीस ती कुणासाठी?"

‘तुम्ही’ मागे पडलं होतं. आदिनाथ ओट्याच्या कडेला टेकले. जुबेदावहिनी चहा घेऊन आल्या, "भावजी, साखर चालते ना अजून?" म्हणाल्या आणि उत्तराची वाट न बघता आत गेल्या. त्या गेल्यावर दस्तगीरचं हसू ओसरलं. तो कपातल्या चहाकडे बघत बोलायला लागला.

"नावाचा राग आला होता. खोटं कशाला बोलू? पण दोन-चार महिन्यांत तो गेला असता. खरी गोष्ट निराळी आहे. त्या दिवशी तारा गेला, तेव्हा मी तोंडातून आवाज काढला, तो बरोबर होता. मग थंडीनं डोळ्यात पाणी आलं. मी मान फिरवून खांद्याला डोळा पुसला. परत डोळा लावला, तर तारा तिथे होताच. मी ओरडलो, आला! पण तो कधी आला ते मी बघितलंच नाही. तुझे ते नऊ पूर्णांक दोन चूक आहेत, मगदूम."

आदिनाथांनी कप बशीत ठेवला.

"त्याच दिवशी का नाही सांगितलंस?"

"संध्याकाळी सांगणार होतो. मग म्हटलं, तू कागद पाठवायला घेशील तेव्हा सांगू. तू पाठवूनही मोकळा झालास. मग प्रमाणपत्र आलं, पेपरात आलं. त्यात माझं नाव नाही. आता मी उठून म्हटलं असतं की ही नोंद चूक आहे, तर सगळं गाव म्हणालं असतं, मोमीनच्या पोटात दुखतंय." त्याने कप खाली ठेवला. "नाव असतं, तर मी स्वतः पत्र लिहिलं असतं. चूक माझी होती, ती मला दुरुस्त करता आली असती. ज्यात माझं नावच नाही, ते मी कसं दुरुस्त करणार? चाळीस वर्षं कुठल्या तरी वहीत तो खोटा आकडा बसून आहे, आणि तो माझ्या डोळ्याचा आहे."

ओट्यासमोरून सुताच्या बाचक्यांनी भरलेली एक गाडी गेली. आदिनाथांना वाटत आलं होतं की आपण दस्तगीरचं एक नाव खाल्लं, एवढंच. त्या एका ओळीने खरं सांगायची वाटच बंद केली, हे त्यांच्या कधी ध्यानातही आलं नव्हतं. प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं ते मुलांना सांगत आले होते की चुकलेलं वाचन खोडू नका, शेजारी चूक म्हणून लिहा.

"कागद आण," ते म्हणाले.

"आता?"

"आता. दोघांची सही."

त्या दुपारी त्यांनी परदेशातल्या त्या संस्थेला पत्र लिहिलं. मराठीत सांगितलं, फोनने त्याचं इंग्रजी केलं, आणि ते दस्तगीरने दोनदा वाचून घेतलं. कोणाची नजर, कोणाचं घड्याळ, कधी डोळा पुसला, कोणाचं नाव का गाळलं, सगळं त्यात होतं.

शनिवारी सकाळी दस्तगीर एकटाच पद्मजाच्या केंद्रात गेला. आदिनाथांनी त्याला जा असं म्हटलं नव्हतं, जाऊ नको असंही नाही. शपथेच्या वेळी तो म्हणाला, "एकाशी बोललो. पण त्याने आधीच माघार घेतली होती." यंत्राने काही आक्षेप घेतला नाही. पाच वाजून गेल्यावर निकाल लागला. मोठी बोली सत्तावीस हजार चारशे, दुसरी तीन हजार सहाशे. दस्तगीरने तीन हजार सहाशे भरले. आदिनाथांनी घरी तो निकाल वाचला आणि मनात हिशोब केला. आपण हट्टाने साठ हजार लिहिले असते आणि दस्तगीरही कुठून तरी कळून तिथे गेला असता, तर दुर्बीण त्यांनाच मिळाली असती, आणि सत्तावीस हजार चारशे मोजून ती त्यांनी चादरीखाली झाकून ठेवली असती.

पद्मजाने दुसऱ्या दिवशी फोन केला. "मामा, उगीच विचारते. परत एकदा मोजून बघायचं का? तुमची अढी आता किती आहे ते?"

"नको," आदिनाथ म्हणाले. "कशाला?"

संस्थेचं उत्तर यायला तीन आठवडे लागले. दस्तगीरच्या ओट्यावर बसून दोघांनी ते वाचलं. लिहिणारी कुणी तरुण संशोधक होती. त्या लघुग्रहाच्या एका अंगाला एक फुगवटा निघत होता, तो केवळ इचलकरंजीच्या नोंदीमुळे, आणि त्यावर तिच्या आधीच्या दोन संशोधकांनीही प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं, असं तिने कळवलं होतं. आता उलगडा झाला, मनापासून आभार. मात्र तारा नेमका केव्हा पुन्हा दिसला हे सांगता येत नसल्यामुळे आकडा सुधारता येणार नाही. नोंद पूर्णपणे रद्द करावी लागत आहे, आणि निरीक्षकांच्या यादीतून इचलकरंजीचं नावही काढलं जाईल.

दस्तगीरने चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "म्हणजे आता तुझंही नाव नाही त्यात."

"नाही."

"वाईट वाटतंय?"

आदिनाथांनी खरंच स्वतःला विचारून पाहिलं. प्रमाणपत्र त्यांच्या कपाटात अजून होतं, ते उद्या काढून टाकावं लागणार होतं. तेवढा एक चटका होता. बाकी काही सापडलं नाही. "थोडं," ते म्हणाले. "तुला?"

"मला झोप चांगली लागेल," दस्तगीर म्हणाला आणि उठला.

पडवीत दुर्बीण उभी होती. दस्तगीरने नळीच्या खालचे तीन स्क्रू सोडवले आणि आरसा दोन्ही हातांनी बाहेर काढला. वरचा चांदीसारखा मुलामा जागोजाग काळवंडला होता, बुरशीने त्यावर नक्षी काढली होती. पण काच शाबूत होती. त्याने ती उजेडाकडे तिरकी धरली आणि कडेकडेने अंगठा फिरवला.

"मुलामा गेलाय. नवा चढवावा लागेल. पण आकार बघ, जागचा हलला नाही."

"सोमवारी पुण्याला नेऊ," आदिनाथ म्हणाले. "मी गोधडी आणतो, गुंडाळायला."

"दोन आण," दस्तगीर म्हणाला, आणि आरसा त्यांच्या हातात दिला.